किनारा दिसत होता

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी मंडळात केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून थोडे नीटनेटके करून येथे देत आहे.)



सेक्रेटरींनी मला आठ दिवसांपूर्वी फोन केला आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही लक्षद्वीपला जाऊन आलात, त्यावर अर्धा तास बोला." मी वक्ता नाही. कराडला सिव्हिलचा डिप्लोमा केला, रेल्वे भरतीची परीक्षा दिली आणि दक्षिण रेल्वेत रुळांच्या खात्यात येऊन पडलो. वीस वर्षांहून जास्त काळ रूळ, स्लीपर, खडी आणि पूल यांच्याशीच माझे बोलणे. ते उलट उत्तर देत नाहीत, त्यामुळे सवय राहिलेली नाही. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपल्या मंडळात निम्मी कुटुंबे खानापूर, आटपाडी, तासगावकडची, सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यातली. मी सातारा जिल्ह्यातला. म्हणजे आपण बहुतेक सगळे दुष्काळी पट्ट्यातले. आपल्याकडे पाणी म्हणजे टँकर. पोटासाठी आलो ते नेमके अशा राज्यात, जिथे घराबाहेर पाऊल टाकले की पाणी! आपण इथे राहतो, पण या पाण्याशी आपली ओळख किती? माझी तर नव्हतीच. आमच्या घरी जी व्हायची होती, ती सौ.मुळे झाली. म्हणून आजचे भाषण खरे तिचे आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि माझे काही चुकले तर घरी गेल्यावर सांगेलच.

सौ.चे माहेर अलिबाग तालुक्यात, रेवसच्या जवळ. त्या गावाच्या किनाऱ्यावरून रात्री मुंबईचे दिवे दिसतात. गावातले लोक भाऊच्या धक्क्याला लाँचने जातात. पण सौ.च्या घरातले कोणीही लाँचने जात नसे. समोर दिसणाऱ्या मुंबईला जायचे तर पेण-पनवेलवरून एस.टी.ने. आमचे लग्न २००५ साली झाले, तेव्हा मला ही गंमत वाटली होती. कारण कळल्यावर पुन्हा कधी हसलो नाही.

१७ जुलै १९४७. आषाढ अमावास्येचा दिवस. स्वातंत्र्याला एक महिना उरला होता. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' ही बोट रेवसला निघाली. सणासाठी गावी निघालेले चाकरमाने, बायका, मुले यांनी बोट भरली होती. पावसाळी हवा होती. काश्याच्या खडकाजवळ मोठी लाट आली, माणसे एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला बातमी कळायलाच कित्येक तास गेले. जे वाचले त्यांतल्या अनेकांना रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. विकायला निघालेली मासळी त्यांनी पाण्यात टाकून दिली आणि माणसांना जागा केली.

सौ.चे आजोबा त्या बोटीवर होते. ते परत आले नाहीत. माझे सासरे तेव्हा आईच्या पोटात होते. सौ.च्या आजीने पुढची साठ वर्षे त्या घरात एकच नियम चालवला : या घरातले माणूस बोटीत पाय ठेवणार नाही. आजी २००८ साली गेली. नियम राहिला.

अशी मुलगी लग्न करून आली ती कुठे, तर कोचीला! इथे एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला लोक बसने जावे तसे बोटीने जातात. आमची सौ. तेरा वर्षे तोप्पुंपडीवरून बसचा वळसा घालून गेली. पाहुणे आले की मी त्यांना बोटीने नेत असे आणि ती बसने येऊन धक्क्यावर भेटत असे. मी कधी आग्रह केला नाही. भीती ही बोलून जाणारी गोष्ट नव्हे, एवढे मला नोकरीने शिकवले आहे.

आता २०१८ सालाकडे येतो. तुम्ही सर्वांनी तो ऑगस्ट पाहिला आहे, त्यामुळे जास्त सांगत नाही. इडुक्की धरणाचे दरवाजे २६ वर्षांनी उघडले होते आणि पाऊस थांबत नव्हता. आम्ही आलुव्याला भाड्याच्या घरात तळमजल्यावर राहत होतो. माझी ड्युटी पेरियारच्या पुलावर. प्रत्येक रेल्वे पुलाच्या खांबावर धोक्याच्या पातळीची खूण रंगवलेली असते. पाणी तिथे पोचले की पुलावरचा पहारेकरी कोणाचीही वाट पाहत नाही, गाडी थांबवतो. १६ ऑगस्टला एर्नाकुलम-त्रिशूर मार्गावरची वाहतूक थांबवावी लागली. मी पुलावर पाण्याकडे बघत उभा होतो आणि तेच पाणी माझ्या घरात शिरत होते. सौ. आणि सहावीतली मुलगी घरमालकांच्या वरच्या मजल्यावर गेल्या. रात्री फोन बंद पडला. ती रात्र मी कशी काढली ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत एक मच्छीमार होडी आली. समुद्रावरची होडी, लॉरीवर घालून आणलेली. जिन्याच्या पायऱ्यांना लावली. मुलगी पटकन उतरली. सौ. शेवटच्या कोरड्या पायरीवर उभी राहिली आणि तिचे पाय हलेनात. होडीतल्या माणसाने हात पुढे केला आणि म्हणाला, "पेडिक्कंडा, चेच्ची." घाबरू नका, ताई. तिने तो हात धरला. वयाच्या सदतिसाव्या वर्षी ती पहिल्यांदा बोटीत बसली. शाळेतल्या छावणीपाशी उतरल्यावर तिने पैसे देऊ केले, तेव्हा त्याने हात जोडले आणि होडी वळवून पुढच्या गल्लीत गेला. त्याचे नावही आम्हाला कळले नाही.

मला वाटले, या प्रसंगानंतर भीती वाढेल. झाले उलटे. दिवाळीत एके रात्री ती म्हणाली, "अहो, मला मोठ्या बोटीतून जायचंय. रात्रभराचं. किनारा दिसणार नाही असं."

मी म्हणालो, "सुरुवात फोर्ट कोचीच्या बोटीपासून करू या. वीस मिनिटं."

ती म्हणाली, "रामदास बुडाली तेव्हा किनारा दिसत होता. किनारा दिसतो म्हणून माणूस वाचतो असं नाही. आजीनं आम्हाला पाण्यापासून लांब ठेवलं आणि पाणी घरात आलं. आता मला ते नीट बघू दे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आपल्याकडून किनारा न दिसणारा प्रवास म्हणजे लक्षद्वीप. मी समुद्रम नावाच्या पाच दिवसांच्या सहलीची चौकशी केली. एम.व्ही. कवरत्ती हे सातशे प्रवाशांचे जहाज. विशाखापट्टणमला आपल्याच देशात बांधलेले. रात्री जहाज चालते, दिवसा बेटावर उतरायचे आणि संध्याकाळी परत जहाजावर. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटे. तिथे जायला प्रवेश परवाना लागतो. फोटो, ओळखपत्र, अर्ज हे सर्व सोपस्कार डिसेंबरात पूर्ण केले. जानेवारी २०१९ ची तारीख मिळाली. जानेवारी मुद्दाम निवडला, कारण त्या दिवसांत अरबी समुद्र शांत असतो. मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत तिकडे हौसेने जायचे नसते.

मग आमची तयारी सुरू झाली. मी रेल्वेवाला, त्यामुळे यादी करणे हा माझा स्वभाव. आपल्या मंडळातले नौदलातले एक स्नेही आहेत, त्यांच्या घरी आम्ही दोघे जाऊन बसलो. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी तुम्हालाही उपयोगी पडतील म्हणून सांगतो. जहाज झोपाळ्यासारखे हलते. सी-सॉच्या टोकाला जास्त हलते, मधे कमी. म्हणून केबिन शक्यतो जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. पोट रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. मळमळ वाटली तर केबिनमध्ये पडून राहू नये, डेकवर येऊन क्षितिजाकडे बघावे, म्हणजे डोळे आणि कान यांचे भांडण मिटते. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. आणि जहाजावर चढल्यावर पहिले काम म्हणजे आपल्या केबिनपासून डेकपर्यंतचा रस्ता दोनदा चालून बघणे, दुसऱ्यांदा डोळे मिटून आणि हात भिंतीला लावून.

सौ.ने हे सर्व वहीत लिहून घेतले. मग विचारले, "आणि रामदासवर काय नव्हतं?"

त्यांनी एकेक सांगितले. बिनतारी यंत्र नव्हते. आता प्रवासी जहाज सतत किनाऱ्याच्या संपर्कात असते. माणसे एका बाजूला धावली. आता निघण्यापूर्वी प्रवाशांना कोणी कुठे जमायचे ते दाखवतात, कवायत घेतात. बोट पावसाळी हवेत निघाली. आता हवामानाचा इशारा असेल तर जहाज निघत नाही. मी ऐकत होतो आणि मला आमचे नियमपुस्तक आठवत होते. नवीन मुलगा खात्यात आला की त्याला त्यातले निम्मे नियम वेडगळ वाटतात. आम्ही त्याला सांगतो, बाबा रे, प्रत्येक नियमामागे कुठे तरी, कोणा तरी माणसांचा जीव गेलेला आहे. सौ.ला त्या दिवशी पहिल्यांदा कळले की आजोबांच्या मागेही असे काही नियम उरले असतील. घरी येताना ती काही बोलली नाही.

मुलीला न्यायचे नाही, हे तिने आधीच ठरवले होते. गावाहून माझी आई आली. मला वाटले शाळा बुडेल म्हणून. निघण्याच्या आदल्या रात्री तिकिटांची पिशवी शोधताना मला कपाटात एक वही सापडली. त्यात सौ.च्या अक्षरात लिहिले होते : गॅसचे कार्ड कुठे, विम्याच्या पॉलिसी किती, शाळेची फी कधी भरायची, मामाचा नंबर, पहिल्या पानावर मुलीचे नाव. मी वही होती तशी ठेवून दिली. बंधू-भगिनींनो, माझ्या यादीत गोळ्या, लिंबू, आवळा सुपारी, टॉर्च आणि खाकरे होते. खरी तयारी तिने केली होती. एवढे सगळे मनात धरून ती निघाली होती, आणि तरी निघाली होती.

विलिंग्डन बेटावरच्या धक्क्यावरून जहाज सुटते. हे बेट मुळात बंदर खोल करताना काढलेल्या गाळाच्या भरावाचे. आमच्या रेल्वेचे कोचीन हार्बर टर्मिनस याच बेटावर, आणि एके काळी लांबच्या गाड्या थेट तिथपर्यंत येत. सामान तपासून जहाजावर चढलो. सौ.ने उजवे पाऊल आधी टाकले. मग तिने काय केले असेल? लाइफबोटी मोजल्या. दोन्ही बाजूंच्या. मग डेकवर ओळीने ठेवलेली पांढरी पिंपे दिसली, तर एका खलाशाला गाठून मल्याळममध्ये विचारले की यात काय आहे. त्याने सांगितले, यात घडी केलेले तराफे आहेत. जहाज बुडालेच तर काही मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने कडी आपोआप सुटते, पिंप वर येते आणि तराफा फुगतो. माणसाचा हात लागावा लागत नाही. ते ऐकून ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या सिग्नलसारखंच झालं. बिघडला की लालच होतो." मला तिचा अभिमान वाटला. तेरा वर्षे रेल्वेवाल्याशी संसार केल्याचे चीज झाले!

मग भोंगा झाला. सात आखूड, एक लांब. हा धोक्याचा इशारा, तो नीट ओळखा, असे सांगून त्यांनी लाइफ जॅकेट घालायला शिकवले. बरेच प्रवासी मोबाइलवर फोटो काढत होते. सौ.ने जॅकेट घातले, सोडले, पुन्हा घातले. शेजारच्या एका म्हातारबाबांना तिनेच पट्टे बांधून दिले.

जहाज सुटले. डावीकडे फोर्ट कोचीची चिनी जाळी, उजवीकडे वायपीन. बाहेर पडल्यावर बंदराचा पायलट छोट्या बोटीत उतरून परत गेला. हळूहळू किनारा बारीक रेघ झाला, मग दिवे, मग तेही गेले. सौ. कठडा धरून उभी होती. मी जवळ होतो, पण बोललो नाही. पूर्ण अंधार झाल्यावर ती एवढेच म्हणाली, "गेला. आता काय बघायचं राहिलं नाही." आणि जेवायला चला म्हणाली.

रात्री मात्र तिला झोप येईना. साडेबाराच्या सुमारास तिने विचारले, "आत्ता कोण जागं असेल?" मी सांगितले, वर ब्रिजवर चार-चार तासांचे पहारे असतात. आठ ते बारा, बारा ते चार, चार ते आठ. आत्ता बारा ते चारचा अधिकारी उभा असेल, त्याच्याबरोबर नजर ठेवणारा एक खलाशी. म्हणाली, "म्हणजे तुमचा पावसाळ्यातला गस्तवाला." मी हो म्हणालो. माझे लोक रात्री कंदील घेऊन रुळांवरून चालतात म्हणून गाडीतली माणसे झोपतात. ते ती वर्षानुवर्षे बघत आली होती. पाच मिनिटांत ती झोपली.

आणि मी? सगळी माहिती गोळा करणारा, लोकांना शिकवणारा मी, गोळी घ्यायला विसरलो होतो. दोनपासून माझे जे सुरू झाले ते पहाटेपर्यंत. रामदासच्या घरातली मुलगी रात्रभर माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि म्हणत होती, "क्षितिजाकडे बघा." रात्री दोन वाजता क्षितिज कुठून आणणार?

कोचीहून कल्पेनी सुमारे १५५ सागरी मैल. सकाळी बेट दिसले. हिरवी रेघ, पुढे फिकट निळा लगून आणि प्रवाळाच्या कड्यावर फुटणारी पांढरी लाट. आमचे जहाज बाहेरच्या खोल पाण्यात उभे राहिले. तिथे जहाजाच्या पोटातले बाजूचे दार उघडतात आणि खाली छोटी बोट येऊन लागते. जहाज स्थिर, बोट लाटेबरोबर वर-खाली. बोट वर आली की पाय टाकायचा. चुकलात तर पुढच्या लाटेची वाट बघायची. दोन्ही बाजूंना खलाशी दंड धरून उभे असतात.

सौ.ची पाळी आली. एक लाट गेली, दुसरी गेली. मागे रांग थांबलेली. मला आलुव्याचा जिना आठवला, तिलाही आठवला असणार. बोटीतल्या बेटावरच्या माणसाने हात वर केला आणि म्हणाला, "पेडिक्कंडा, चेच्ची." तेच शब्द. ती हसली आणि पुढच्या लाटेला उतरली.

बेटांविषयी थोडक्यात सांगतो. कल्पेनीला १८४७ साली मोठे वादळ झाले होते. तेव्हा समुद्राने फेकलेल्या प्रवाळाच्या दगडांचा बांध किनाऱ्यावर अजून आहे. २०१७ च्या ओखी वादळाचा तडाखाही या लोकांनी सोसला होता. तरी त्यांच्या होड्या पाण्यातच होत्या. एका आजीबाईंनी आम्हाला शहाळे दिले आणि सौ.ला जवळ बसवून तिच्या मुलांबाळांची चौकशी केली. मिनिकॉयला १८८५ सालचे दीपगृह आहे. तिथे जाताना नऊ अंशांची सामुद्रधुनी ओलांडावी लागते, तेव्हा जहाज बरेच हलले. या वेळी मी गोळी घेतली होती.

पाचव्या दिवशी परत आलो. घरी आल्यावर सौ.ने कपाटातली ती वही काढली आणि मुलीच्या हातात दिली. "फाडू नकोस," म्हणाली, "घरात असावी. आपण कुठंही गेलो तरी." मी तेव्हाच प्रथम बघितल्यासारखे केले.

पुढे डिसेंबर २०२१ मध्ये याच एम.व्ही. कवरत्तीच्या इंजिनखोलीत भर समुद्रात आग लागली. सहाशेहून अधिक प्रवासी होते. सर्व सुखरूप राहिले. पेपर मी लपवून ठेवणार होतो, पण तिनेच आधी वाचला होता. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती म्हणाली, "सगळे वाचले. म्हणजे तो सात आणि एकचा भोंगा उगीच नव्हता." एवढेच.

आणि आता शेवटचे. २०२२ च्या दिवाळीत आम्ही मुंबईला गेलो होतो. सासरे पंच्याहत्तर वर्षांचे. सौ. त्यांना घेऊन भाऊच्या धक्क्यावर गेली. ते कठड्याशी थबकले. म्हणाले, "आई रागवेल." सौ. म्हणाली, "बाबा, मी विचारलंय तिला." लाँचमध्ये बसल्यावर तिने वडिलांना जॅकेट घातले, स्वतः घातले, मला डोळ्यांनी दटावून मलाही घालायला लावले. वाटेत लाँचवाल्याने हात करून सांगितले, काश्याचा खडक त्या बाजूला. सासऱ्यांनी पिशवीतून नारळ काढला. ज्या वडिलांना त्यांनी कधी पाहिले नव्हते, त्यांच्यासाठी तो दोन्ही हातांनी पाण्यात सोडला. रेवसला उतरेपर्यंत ते मागे वळून पाण्याकडे बघत होते. तेवढ्या वेळात त्या घराचा पंच्याहत्तर वर्षांचा नियम संपला.

बंधू-भगिनींनो, आजी चुकली असे मी म्हणणार नाही. नवरा गेलेल्या, पोटात मूल असलेल्या बाईच्या हातात तेवढाच एक नियम होता. पण नुसते लांब राहण्याने पाणी लांब राहत नाही, हे आपण २०१८ साली पाहिले. भीती बरोबर घ्यावी, तिला नीट प्रश्न विचारावेत, आणि तिची उत्तरे म्हणजेच आपली तयारी. आणि एवढे करून जे उरते, ते कोणा अनोळखी माणसाच्या हातात असते. १९४७ साली रेवसच्या कोळ्यांच्या, २०१८ साली केरळच्या मच्छीमारांच्या. तो हात आपल्या भाषेतला असेलच असे नाही.

कार्यकर्त्यांना एक विनंती करून थांबतो. आपले विसर्जन जवळ आले आहे. दरवर्षी आपली पोरे उत्साहाच्या भरात मूर्तीबरोबर पाण्यात शिरतात, आणि आपण दुष्काळी भागातली माणसे, निम्म्यांना पोहता येत नाही. या वर्षी पाण्यात कोणी उतरायचे त्यांची नावे आधी लिहा. चार लाइफ जॅकेट आणि एक दोर आणा. खर्च मी देतो. पाण्याची माहिती असलेला इथला एक मच्छीमार बरोबर घ्या आणि त्याचा मान म्हणून आरतीचे तबक पहिल्यांदा त्याच्या हातात द्या. आणि भोंगा वाजवायची जबाबदारी कोणाकडे द्यायची ते मी सांगायला नको. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.

गणपती बाप्पा मोरया!

(विसर्जनाच्या दिवशी चार जॅकेट, दोर आणि कोळी बंधू, तिन्ही होते. तबक त्यांच्याच हातात पहिल्यांदा दिले. सर्व जण सुखरूप घरी आले.)